ओढ्यातील पडलेले लाकूड आणि काठावरचे जंगल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या वायव्य भागात, म्हणजे ऑरेगन आणि वॉशिंग्टन या राज्यांत, कॅस्केड पर्वतरांगेतील एखाद्या ओढ्याच्या काठाने चालत गेले की पात्रात आडवेतिडवे पडलेले प्रचंड ओंडके दिसतात. काहींवर शेवाळ चढलेले असते, काहींच्या पाठीवर नवी रोपे उगवलेली असतात. पोर्टलंड आणि सिअ‍ॅटल परिसरात राहणारी मराठी मंडळी सुट्टीच्या दिवशी या वाटांवर जातात आणि हे सगळे असेच का ठेवले आहे, असा प्रश्न त्यांना हमखास पडतो. काठावरच्या जंगलातून ओढ्याला लाकूड कसे मिळते, याचा जगातील सर्वांत बारकाईने झालेला अभ्यास याच प्रदेशातला असल्यामुळे येथील उत्तरे मुख्यतः तिथल्या अनुभवावर आधारलेली आहेत. सह्याद्रीविषयीचा प्रश्न शेवटी घेतला आहे.

ओढ्यात पडलेले ओंडके कोणी उचलत का नाही?

कारण तो कचरा नाही. डोंगराळ जंगलातल्या ओढ्याला जसे पाणी, दगड आणि गाळ लागतो, तसेच लाकूडही लागते. ते काढून घेतले तर ओढ्याचे डोह बुजतात, खडी वाहून जाते, पात्र सरळ आणि उथळ होते आणि माशांना थांबायला जागा उरत नाही. हे अनुमानाने सांगितलेले नाही. गेल्या शतकात शेकडो ओढ्यांमधून लाकूड खरोखरच काढले गेले आणि त्याचे परिणाम लोकांनी पाहिले. त्याची हकिगत पुढे येईलच.

‘मोठे लाकूड’ कशाला म्हणतात?

अभ्यासक साधारणपणे किमान १० सेंटीमीटर व्यासाचा आणि किमान १ मीटर लांबीचा तुकडा मोठे लाकूड म्हणून मोजतात. मोजणीच्या सोयीसाठी ही मर्यादा ठीक आहे, मात्र ओढ्याच्या दृष्टीने खरी महत्त्वाची लाकडे याहून कितीतरी मोठी असतात. पात्राच्या रुंदीपेक्षा लांब असलेला, मुळांच्या गड्ड्यासकट पडलेला बुंधा पुरातही सहसा हलत नाही, आणि मग लहान लाकडे, फांद्या व पाने त्याला येऊन अडतात. असे थोडेच ओंडके बाकी सगळ्यांना धरून ठेवतात.

झाड ओढ्यापर्यंत पोहोचते तरी कसे?

वाटा अनेक आहेत आणि प्रत्येक ओढ्यात त्यांचे प्रमाण वेगळे असते. दाट जंगलात उजेडासाठी होणाऱ्या चढाओढीत मागे पडलेली झाडे वाळतात, बुरशीने पोखरली जातात आणि कधीतरी कोसळतात. ही आवक संथ असली तरी वर्षानुवर्षे चालू राहते. हिवाळी वादळात ओल्या जमिनीतली झाडे मुळासकट उन्मळून पडतात. वळणावर पाणी काठ पोखरते, मुळे उघडी पडतात आणि झाड नेमके पाण्याच्या दिशेने झुकत जाऊन एक दिवस आडवे होते. काठाच्या झिजेने पडलेले झाड बहुधा सगळे पात्रातच येते, म्हणून रुंद मैदानी नद्यांत या वाटेचे महत्त्व फार. बीव्हर हा प्राणीही झाडे कुरतडून पाडतो, परंतु तो बहुधा लहान झाडांवर समाधान मानतो.

आणखी एक वाट म्हणजे दरडी. ऑरेगनच्या किनारी डोंगरांत मुसळधार पावसात उताराच्या घळीतून माती, दगड आणि झाडे यांचा लोट सुटतो आणि खालच्या ओढ्यात येऊन थांबतो. एकाच रात्रीत शेकडो ओंडके येतात आणि त्यानंतर त्या घळीतून कित्येक दशके काहीच येत नाही.

किती अंतरावरचे झाड ओढ्याला लाकूड देऊ शकते?

या विषयातला हा सर्वांत कळीचा प्रश्न आहे, कारण काठाचा किती रुंद पट्टा राखायचा हे त्यावरच ठरते.

आधी साधी भूमिती पाहू. सरळ वाहणाऱ्या ओढ्याच्या अगदी काठावर एक झाड उभे आहे आणि ते कोणत्याही दिशेला पडू शकते, असे समजा. निम्म्या दिशा पाण्याकडे आहेत, म्हणून ते ओढ्यात पडण्याची शक्यता ५० टक्के. तेच झाड ६० मीटर उंच असून काठापासून ३० मीटरवर, म्हणजे स्वतःच्या निम्म्या उंचीइतके दूर असेल, तर पाण्यापर्यंत पोहोचणाऱ्या दिशा एक तृतीयांशच उरतात. ५० मीटरवर ही शक्यता १९ टक्क्यांच्या आसपास येते आणि ६० मीटरवर शून्य होते. त्यातही ५० मीटरवरच्या झाडाचा केवळ शेवटचा १० मीटरचा शेंडा पाण्यात येतो, आणि शेंड्याचे लाकूड बारीक असल्यामुळे त्याचा उपयोग थोडा. काठालगतच्या झाडाचा मात्र जाडजूड बुंधाच पात्रात येतो.

प्रत्यक्षात झाडे सर्व दिशांना सारख्या प्रमाणात पडत नाहीत. तीव्र उतारावर ती खालच्या बाजूला अधिक पडतात आणि काठावरची झाडे उजेडाकडे, म्हणजे पाण्यावरच्या मोकळ्या जागेकडे, आधीच कललेली असतात. त्यामुळे जवळच्या झाडांचा वाटा भूमितीने सांगितल्यापेक्षाही वाढतो.

ओढ्यात पडलेल्या लाकडाचा माग काढत त्याचा बुंधा कुठे होता हे शोधण्याचे काम पश्चिम ऑरेगन आणि पश्चिम वॉशिंग्टनमधील ३९ लहान ओढ्यांवर झाले आणि १९९० मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ७० टक्क्यांहून अधिक लाकूड काठापासून २० मीटरच्या आतून आलेले होते, आणि ११ टक्के तर काठापासून १ मीटरच्या आतले होते. आग्नेय अलास्कातील ओढ्यांवर १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जवळजवळ सगळे, म्हणजे ९९ टक्के, लाकूड ३० मीटरच्या आतले निघाले.

मग काठाचा ३० मीटरचा पट्टा राखला की काम झाले, असे म्हणावे का?

असे म्हणण्याची घाई करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वरचे आकडे खरे आहेत, पण ते ज्या जंगलांत आणि ज्या ओढ्यांवर मोजले गेले तेथपुरतेच लागू पडतात. त्यांकडे पाहताना तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात.

पहिली गोष्ट झाडाच्या उंचीची. जुन्या जंगलातील डग्लस फर ६० ते ८० मीटर उंच असतो, त्यामुळे दूरवरची झाडेही ओढ्यापर्यंत पोहोचतात. याउलट पट्ट्यात २० मीटर उंचीची रेड आल्डरची झाडे असतील, तर २० मीटरपलीकडचा सगळा पट्टा लाकूड पुरवण्याच्या दृष्टीने रिकामाच आहे. नकाशावर दोन्ही पट्टे सारखेच हिरवे दिसतात.

दुसरी गोष्ट दरडींची. ऑरेगनच्या किनाऱ्यावरील कमिन्स क्रीक या बऱ्याच अंशी अस्पर्श राहिलेल्या खोऱ्यात मुख्य ओढ्यातील लाकडाचा उगम शोधला गेला, तेव्हा तुकड्यांच्या संख्येने सुमारे ६५ टक्के आणि घनफळाने सुमारे ४६ टक्के लाकूड काठालगतच्या जंगलातून आलेले नसून वरच्या उतारांवरून दरडींबरोबर उतरलेले आढळले. हा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. मुख्य ओढ्याचा काठ कितीही जपला, पण वरच्या कोरड्या घळींमधली झाडे तोडली, तर पुरवठ्याचा हा मोठा हिस्सा बंद होतो. त्या घळीत वर्षातले बरेच महिने पाणी नसते आणि मासे तर कधीच नसतात, म्हणूनच त्यांच्याकडे दुर्लक्ष होते.

तिसरी गोष्ट वाऱ्याची. आजूबाजूचे सगळे जंगल तोडून काठावर अरुंद पट्टा ठेवला, तर आतापर्यंत आडोशाला वाढलेली झाडे एकाएकी उघड्यावर येतात. पहिल्या काही वर्षांतच त्यांतली बरीच वादळात पडतात. ओढ्यात त्या वेळी भरपूर लाकूड दिसते आणि पट्टा आपले काम करतो आहे असे वाटते, परंतु ते पुढच्या अनेक दशकांचे लाकूड असते, एकदमच येऊन पडलेले.

पडलेले लाकूड ओढ्यात किती काळ टिकते?

झाडाची जात, ओंडक्याची जाडी आणि तो पाण्याखाली आहे की अर्धवट बाहेर, यांवर ते अवलंबून असते. सतत पाण्याखाली किंवा गाळाखाली असलेल्या लाकडाला प्राणवायू कमी मिळतो, त्यामुळे बुरशीचे काम मंदावते. कधी ओले, कधी कोरडे होणारा भाग लवकर कुजतो. रेड आल्डरसारख्या पानझडी झाडाचे लाकूड काही वर्षांतच भुसभुशीत होते, तर वेस्टर्न रेड सीडरचा गाभा शतकाहून अधिक काळ टिकू शकतो.

वॉशिंग्टनमधील ऑलिंपिक द्वीपकल्पावरच्या क्वीट्स नदीत केलेल्या अभ्यासातून असे दिसले की पात्रातले निम्मे लाकूड सुमारे २० वर्षांत नाहीसे होते, म्हणजे कुजते, झिजते, वाहून जाते किंवा पूरमैदानात गाडले जाते. गाडलेले लाकूड मात्र तसेच राहते आणि नदीने पात्र बदलले की पुन्हा उघडे पडते. अशा काही ओंडक्यांचे वय सुमारे १,४०० वर्षे निघाले. आज मासा ज्या ओंडक्याखाली सावलीला उभा आहे, तो ओंडका ज्या जंगलातून आला ते जंगलच कदाचित आता तिथे नसेल.

ऑरेगनमधील एच. जे. अँड्र्यूज प्रायोगिक वनात हा विषय दीर्घ मुदतीने अभ्यासला जातो. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या या सुमारे ६,४०० हेक्टरच्या वनातून लुकआउट क्रीक वाहतो. जमिनीवर ओंडके कसे कुजतात हे पाहण्यासाठी १९८५ मध्ये तेथे ५०० हून अधिक ओंडके मांडून ठेवले गेले आणि तो प्रयोग २०० वर्षे चालावा अशी आखणी केली गेली. त्याच वनातील मॅक क्रीकमध्ये ओंडक्यांना क्रमांक लावून कोणता नवा आला, कोणता हलला आणि कोणता गेला याची नोंद ठेवली जाते. आपल्या हयातीत निकाल दिसणार नाही हे ठाऊक असताना अशी मोजणी सुरू करणाऱ्यांविषयी मला फार आदर वाटतो.

एक ओंडका ओढ्यात नेमके काय करतो?

पाच मीटर रुंदीच्या उताराच्या ओढ्यात वेस्टर्न हेमलॉकचा एक जाड बुंधा आडवा पडला आहे, असे समजून त्याच्याकडे जवळून पाहू. वरच्या बाजूला पाणी मंदावते, त्यामुळे खडी आणि वाळू साचत साचत ओंडक्याच्या माथ्यापर्यंत येते. ओंडक्यावरून पाणी खाली कोसळते आणि पायथ्याशी खळगा खणते, तो डोह. उताराची जी ताकद एरवी काठ कापण्यात गेली असती, ती या पायरीवरच खर्ची पडते. वर साचलेल्या खडीत सॅमन मासे अंडी घालतात. खालच्या डोहात, ओंडक्याच्या सावलीत, कोहो सॅमनची बोटभर पिले प्रवाहाच्या कडेला उभी असतात. कोहोची पिले समुद्रात जाण्यापूर्वी साधारण एक वर्ष गोड्या पाण्यात काढतात आणि त्यांना हिवाळी पुरात आडोसा मिळाला नाही तर ती वाहून जातात.

ओंडक्याच्या वरच्या फटींत पाने आणि काटक्या गच्च बसलेल्या असतात. हा ओढ्यातल्या किड्यांचा मुख्य आहार. न्यू हॅम्पशायरमधील हबर्ड ब्रूक येथे १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सर्वांत लहान ओढ्यांतील ७५ टक्के सेंद्रिय पदार्थ अशा लाकडी बांधांमागे साठलेले आढळले. त्याहून मोठ्या ओढ्यांत हे प्रमाण ५८ टक्के आणि आणखी मोठ्यांत २० टक्के होते. लाकूड काढले की हे सगळे पहिल्या मोठ्या पावसात खाली निघून जाते. अंडी घालून मेलेल्या सॅमनची कलेवरेही लाकडातच अडकून राहतात आणि त्यांतले पोषण त्याच ओढ्यात मुरते.

ओंडका उलटून पाहिला तर कुजक्या लाकडात कोरलेल्या खाचा दिसतात. लारा अवारा या भुंगेऱ्याच्या अळ्या पाण्यातले लाकूडच खातात आणि इतक्या निकृष्ट अन्नावर वाढायचे असल्यामुळे त्यांना मोठे व्हायला कित्येक वर्षे लागतात.

पूर्वी हे लाकूड काढून का टाकले जात असे?

सुरुवातीला जलवाहतुकीसाठी. लुइझियानातील रेड नदीत १५० मैलांहून लांब पसरलेला लाकडांचा प्रचंड साठा होता. कॅप्टन हेन्री श्रीव्ह यांनी १८३३ पासून तो फोडण्याचे काम केले. साठा पुन्हा जमला आणि शेवटी १८७३ मध्ये स्फोटके वापरून तो हटवला गेला. वायव्येकडे लाकूडतोड कंपन्यांनी ओढ्यांवर तात्पुरते लाकडी बांध घातले. मागे पाणी आणि तोडलेले ओंडके साठवायचे आणि बांध उघडून सगळे एकदम खाली सोडायचे, अशी ती पद्धत होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून १९५० च्या दशकापर्यंत ती चालली आणि अनेक ओढे तळाच्या कातळापर्यंत खरवडले गेले.

त्यानंतरचा टप्पा अधिक खेदाचा आहे, कारण तो माशांच्या भल्यासाठी हाती घेतला गेला. तोडणीनंतर फांद्या आणि तुकडे यांनी ओढे तुंबलेले दिसत होते, काही ढिगांमुळे सॅमनची वाट खरोखर अडत होती, म्हणून १९५० ते १९७० च्या दशकांत मत्स्य आणि वन विभागांनी ओढे साफ करण्याची मोहीमच चालवली. तोडणीचा कचरा आणि शतकानुशतके जागेवर असलेले ओंडके यांत भेद केला गेला नाही. १९७० च्या दशकात अँड्र्यूज वनातील भूशास्त्रज्ञ फ्रेड स्वॉन्सन आणि मत्स्यजीवांचे अभ्यासक जिम सेडेल यांच्यासारख्यांनी जुन्या जंगलातील ओढे मोजायला घेतले, तेव्हा निरोगी ओढा लाकडाने भरलेला असतो हे लक्षात आले आणि धोरण हळूहळू उलटे फिरले.

काठचे जंगल तोडले तर पुरवठा पूर्ववत व्हायला किती काळ लागतो?

एका माणसाच्या आयुष्यात तो पूर्ववत होत नाही. अलास्कातील ज्या अभ्यासाचा उल्लेख वर आला, त्यातील अनुमानानुसार काठापर्यंत तोड केल्यावर ९० वर्षांनी ओढ्यातले मोठे लाकूड सुमारे ७० टक्क्यांनी घटते आणि पूर्वीची पातळी यायला २५० वर्षांहून अधिक काळ लागतो. कारण सरळ आहे. जुने लाकूड कुजत जाते आणि नवी झाडे तेवढी जाड झालेली नसतात. मधल्या काळात काठावर बहुधा रेड आल्डर माजतो, जो वाढतो भराभर पण शंभर वर्षांच्या आतबाहेर मरतो आणि लवकर कुजतो. या मधल्या दुष्काळाची सुरुवातीची वीस-तीस वर्षे कोणाला जाणीवही होत नाही, कारण ओढा जुन्या साठ्यावर चालत असतो.

कायद्याने किती रुंदीचा पट्टा राखला जातो?

अमेरिकेत जमीन कोणाच्या मालकीची आहे यावर ते ठरते. १९९४ च्या वायव्य वन आराखड्याने केंद्र सरकारच्या जंगलांत मासे असलेल्या ओढ्यांच्या दोन्ही बाजूंना ३०० फूट किंवा त्या जागी वाढू शकणाऱ्या झाडाच्या दोन उंचींइतका पट्टा, यांपैकी जो जास्त असेल तो, राखीव ठेवला. लाकडासाठी एक उंची बहुतांशी पुरते. दुसरी उंची काठचा गारवा, ओलावा आणि वन्यजीव यांच्यासाठी धरली आहे. झाडाच्या उंचीला माप मानण्याची ही कल्पना मला फुटांच्या ठरावीक आकड्यापेक्षा कितीतरी शहाणपणाची वाटते. अलास्कातील टाँगस जंगलासाठी १९९० च्या कायद्याने किमान १०० फुटांचा पट्टा ठरवला. खाजगी जंगलांतले पट्टे बरेच अरुंद असतात. ऑरेगनमध्ये लाकूड उद्योग आणि पर्यावरण संघटना यांच्यातील समझोत्यानंतर २०२२ मध्ये त्यांची रुंदी वाढवणारा कायदा झाला.

काठावरची दाट झाडे विरळ केली तर उरलेली लवकर जाड होतील ना?

होतील, हे खरे आहे. परंतु विरळणीत काढलेली झाडे विक्रीसाठी उचलून नेली, तर चढाओढीत मरून ओढ्यात पडणारी झाडेच नाहीशी होतात आणि एकूण पुरवठा घटतो. तोडलेली झाडे थेट ओढ्यात पाडून ठेवली, तर ही घट बरीचशी भरून निघते. म्हणून विरळणीचा प्रस्ताव आला की लाकूड कुठे जाणार, हा पहिला प्रश्न विचारावा.

बाहेरून ओंडके आणून ओढ्यात टाकण्याचा उपयोग होतो का?

होतो. डोह तयार होतात, खडी साठते, आणि जिथे काठावर मोठे झाडच उरलेले नाही तिथे दुसरा मार्गही नाही. हेलिकॉप्टरने ओंडके उतरवले जातात, काही ठिकाणी मुळांच्या गड्ड्यासकट झाडे यंत्राने ढकलून आडवी केली जातात. पूर्वी ओंडके लोखंडी दोरांनी कातळाला बांधत असत. आता त्याऐवजी पात्रापेक्षा लांब ओंडके वापरून त्यांना थोडे हलू देण्याकडे कल आहे. मात्र टाकलेले लाकूडही कुजते, आणि काठावर वारसदार झाडे नसतील तर हेच काम पुन्हा करावे लागते.

जंगलाला आग लागली तर पुरवठा संपतो का?

उलट तो काही काळ वाढतो. ऑगस्ट २०२३ मध्ये विजेमुळे लागलेल्या लुकआउट आगीत अँड्र्यूज वनाचा बराच मोठा भाग होरपळला. मेलेली झाडे उभी राहतात आणि पुढच्या काही दशकांत एकेक करून पडतात. आगीनंतर काठावरची जळकी झाडे कापून नेली तर हा पुरवठा हातचा जातो.

पुरात वाहणाऱ्या ओंडक्यांनी पूल तुंबत नाहीत का?

तुंबतात, आणि हा धोका खरा आहे. रस्त्याखालच्या अरुंद नळ्यांच्या मोऱ्या तर एका ओंडक्यानेही बंद होतात, मग पाणी रस्त्यावरून वाहते आणि भराव खचतो. पुलाजवळ अडकलेले लाकूड काढावेच लागते. त्यासाठी डोंगरातला सगळा ओढा साफ करण्याची गरज नसते. मोरी रुंद करणे, ओंडका सरळ निघून जाईल इतका पुलाचा गाळा मोठा ठेवणे, हे उपाय अधिक टिकाऊ ठरतात. जंगलातला लांब ओंडका बहुधा जागचा हलत नाही. जास्त वाहतात ते आखूड कापलेले तुकडे.

सह्याद्रीतल्या ओढ्यांना यातले काय लागू पडते?

भूमिती तीच लागू पडते, आकडे मात्र बदलतात. आपल्याकडे ओढ्याकाठी उंबर, जांभूळ, करंज, वाळुंज यांसारखी झाडे असतात. ती डग्लस फरच्या मानाने बरीच बुटकी असल्यामुळे ओढ्याला लाकूड देणारा पट्टाही अरुंद असतो, आणि म्हणून काठालगतच्या पहिल्याच ओळीची किंमत अधिक. उष्ण, दमट हवेत लाकूड लवकर कुजते, कोरड्या महिन्यांत वाळवी लागते, शिवाय पडलेले लाकूड सरपणासाठी नेले जाते. सरपण ही गरज आहे, तिच्यावर बोट ठेवण्याचे कारण नाही. पण ओढा खोलीकरण आणि सफाईच्या कामांत यंत्राने काठची झाडे मुळासकट काढली जातात, तिथे जरूर आक्षेप घ्यावा.

आपल्या गावच्या ओढ्याविषयी हे पाहायचे असेल, तर काठावरच्या सर्वांत उंच झाडांची उंची अंदाजावी, तेवढे अंतर काठापासून दोन्ही बाजूंना मोजावे आणि त्या पट्ट्यात किती झाडे उभी आहेत, त्यांतली किती कोवळी आणि किती जुनी आहेत, हे लिहून काढावे. पात्रात आज पडलेली लाकडे मोजावीत आणि प्रत्येकाच्या मागे डोह आहे की गाळ साचला आहे हेही टिपावे. पावसाळ्यापूर्वी आणि दिवाळीच्या सुमारास, अशी वर्षातून दोनदा हीच मोजणी केली, तर कोणते लाकूड जागेवर राहिले आणि कोणते गेले हे दुसऱ्याच वर्षापासून कळू लागते.